परळची प्रयोगशाळा आणि मामल्याचे उंदीर

१९९४ च्या ऑगस्ट महिन्यात बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात उंदीर पडू लागले. एखादा-दुसरा उंदीर मेला तर कोण लक्ष देतं? पण इथे मेलेल्या उंदरांची रांग थांबेना, आणि त्याच सुमारास पिसवांनी लोकांना हैराण करून सोडलं. गावाने तक्रार केली. महिना सरता सरता, २६ ऑगस्टच्या आसपास, गावातली माणसं तापाने फणफणली. जांघेत, काखेत, मानेला हात लावू न देणारी गाठ. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हा आजार आज्या-पणज्यांच्या गोष्टींतून ठाऊक होता. उंदीर पडले की गाव सोडायचं, रानात झोपड्या घालून राहायचं, ही शिकवण त्या गोष्टींतच होती. ठाऊक नव्हता तो नव्या डॉक्टरांना, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. प्रयोगशाळेने खात्री केलेला प्लेगचा शेवटचा भारतीय रुग्ण १९६६ मध्ये कर्नाटकात सापडला होता. त्यानंतर २८ वर्षं हा रोग पाठ्यपुस्तकातला एक धडा होऊन राहिला होता.

पुढच्या काही आठवड्यांत सुरत पेटली आणि जगाचं सगळं लक्ष तिकडे गेलं. १९९४ चा प्लेग म्हटलं की आजही लोक सुरतच आठवतात. मला मात्र मामल्याचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. माणसाला होणारा हा रोग नेमका कोणत्या जंतूचा, तो उंदरातून माणसात कसा येतो, त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे सगळं ज्ञान जगाला मिळालं त्यातला फार मोठा वाटा मामल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या मुंबईत, परळच्या एका जुन्या बंगल्यात तयार झाला होता. ज्या राज्याने हे ज्ञान घडवलं, त्याच राज्यातल्या एका गावात तो जंतू पुन्हा उगवला तेव्हा त्याची ओळख निर्विवाद पटायला इतका वेळ का लागला? हा माग काढायचा तर ९८ वर्षं मागे जावं लागतं.

२३ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला तपासलं आणि हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. बंदराच्या धंद्याला बाधा येईल म्हणून अनेकांना हे निदान नको होतं. व्हिएगस मागे हटले नाहीत. त्याआधी दोनच वर्षं, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येरसाँ या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधला होता. जपानचे किटासाटो हेही त्याच वेळी तिथे त्याच शोधात होते. आज तो जंतू येरसाँच्या नावानेच, येर्सिनिया पेस्टिस म्हणून ओळखला जातो. म्हणजे शत्रू दिसला होता. त्याच्याशी लढायचं हत्यार मात्र कुणाकडेच नव्हतं.

ते बनवायला सरकारने ज्याला बोलावलं तो माणूस ना इंग्रज होता, ना डॉक्टर. वाल्डेमार हाफकिन १८६० मध्ये ओडेसात एका ज्यू कुटुंबात जन्मला. प्राणिशास्त्र शिकला, इल्या मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली तयार झाला. ज्यूंवरच्या हल्ल्यांच्या काळात तो स्वसंरक्षणाच्या दलात उतरला आणि त्यापायी अटकेतही गेला. धर्म बदलल्याशिवाय रशियन विद्यापीठात पुढची वाट नव्हती. तो बदलला नाही. जिनिव्हामार्गे पॅरिसला पोहोचला आणि पाश्चर संस्थेत त्याला जागा मिळाली ती ग्रंथालयात. पुस्तकं सांभाळून उरलेल्या वेळात त्याने प्रयोग केले. १८९२ मध्ये त्याने कॉलऱ्याची लस बनवली आणि जुलैमध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी तो कलकत्त्याला आला.

हाफकिनचं मोठेपण लसीच्या कुपीइतकंच त्याच्या हिशेबाच्या वहीत आहे, असं मला ठामपणे वाटतं. कलकत्त्याच्या वस्त्यांत तो एकाच वस्तीत, एकाच घरात राहणाऱ्या, तेच पाणी पिणाऱ्या माणसांपैकी काहींना लस देई, काही न घेता राहत. मग साथ आली की दोघांची गणती समोरासमोर ठेवी. लस चांगली आहे असं म्हणणं सोपं असतं. एका छपराखाली राहणारे दोन भाऊ, एक टोचलेला, एक न टोचलेला, यांचं काय झालं हे दाखवणं फार अवघड, आणि खरा पुरावा तोच.

ऑक्टोबर १८९६ मध्ये तो मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. बाहेर शहर रिकामं होत होतं. आत हा माणूस दिवसरात्र प्लेगचे जंतू वाढवत बसला होता. त्याची पद्धत पाहिली की मन थक्क होतं. मांसाच्या रसाने भरलेल्या काचेच्या चंबूत त्याने वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू त्या थेंबांना धरून वाढू लागले आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबू लागले. चंबू हलवला की त्या पारंब्या तुटून तळाशी बसत आणि वर नव्या फुटत. असं आठवड्यामागून आठवडे चाले. प्लेगचा जंतू असा लोंबकळत वाढतो आणि दुसऱ्या जंतूंनी शिरकाव केला तर ही वाढ बिघडते, म्हणून ती वाढ हीच शुद्धतेची खूणही होती. नंतर उष्णता देऊन जंतू मारायचे, त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, की लस तयार. महाराष्ट्रातल्या घराघरांत असलेलं तूप जगातल्या पहिल्या प्लेगच्या लसीत असं कामाला आलं.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने पुढे लोकांना देणार होता त्याहून कितीतरी मोठी मात्रा, १० घनसेंटिमीटर, स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, आणि माणूस पुन्हा कामाला लागला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथल्या कैद्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी स्वेच्छेने लस घेतली. लस अंगी लागण्याइतका वेळ गेल्यावरचा हिशेब असा होता: न टोचलेल्यांत १२ जण आजारी पडले आणि त्यातले ६ दगावले, टोचलेल्यांत दोघेच आजारी पडले आणि दोघेही वाचले. दमणच्या पोर्तुगीज हद्दीत आकडे आणखी बोलके होते. तिथे न टोचलेल्या ६,०३३ लोकांत १,४८२ मृत्यू झाले, टोचलेल्या २,१९७ लोकांत ३६.

त्याच सुमारास पुण्यात काय चाललं होतं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, घराघरांत घुसणारे गोरे शिपाई, २२ जूनला रँडवर झाडलेल्या गोळ्या. आणि त्याआधी १० मार्चला, रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगला बळी पडलेल्या सावित्रीबाई फुले. सरकारी जबरदस्तीच्या त्या वर्षात हाफकिन मात्र सक्तीच्या विरोधात राहिला. लस द्यायची ती राजीखुशीने. आगाखानांनी लोकांसमोर स्वतः ती टोचून घेतली आणि त्यांच्या खोजा समाजाने हाफकिनला साथ दिली, त्यामागे हाच विश्वास होता.

मामल्याकडे जायच्या आधी आणखी एका गावापाशी थांबायला हवं. बडोद्याजवळचं उंढेरा. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग पसरला होता. हाफकिन आणि त्याचे सहकारी तिथे गेले, घरागणिक माणसं समोर उभी केली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस दिली. म्हातारी, तरणी, पोरं दोन्ही बाजूंना सारखी राहतील याची काळजी घेतली. काही आठवड्यांनी ते परत गेले आणि एकेका घराचा हिशेब घेतला. ज्या घरांत रोग शिरला त्या घरांत न टोचलेली ६४ माणसं होती. त्यातल्या २७ जणांना प्लेग झाला, २६ मेली. त्याच घरांत टोचलेली ७१ माणसं होती. त्यातली ८ आजारी पडली, ३ दगावली. एवढ्या छोट्याशा गावातला हा तक्ता पुढे जगभरच्या वैद्यकात वाचला गेला. गावाला प्रयोगाची जागा मानणं आजच्या दृष्टीने खटकतं, आणि खटकायलाच हवं. न टोचलेल्या २६ जणांचं मरण त्या तक्त्यात दडलेलं आहे. पण ती लस तेव्हा खरोखर उपयोगी पडते का हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या गावाच्या हिशेबाने लाखो लोकांना पुढे वाचवलं, हेही तितकंच खरं.

ऑगस्ट १८९९ मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये गेली. ज्या दिवाणखान्यांत लाटसाहेबांच्या मेजवान्या झडल्या तिथे आता प्लेगचे जंतू वाढू लागले. तिथून लसीच्या बाटल्या देशभर गेल्या. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून बाहेर पडलेल्या मात्रांची संख्या २ कोटी ६० लाखांच्या घरात भरते.

पण हाफकिनला तिथे फार काळ राहू दिलं गेलं नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ती सगळी मेली. या सगळ्यांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाकी चार बाटल्यांतली लस घेतलेल्या कुणालाही काही झालं नाही. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. एवढं स्पष्ट असतानाही चौकशीने बोट दाखवलं ते परळच्या प्रयोगशाळेकडे. हाफकिनला निलंबित केलं गेलं. ज्याने आपल्याच अंगात सुई टोचून लस पारखली होती त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉससह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिलं, त्याच्यावरचा आरोप पुराव्याला धरून नाही असं बजावलं, आणि मग कुठे तो निर्दोष ठरला. तो भारतात परतला, पण कलकत्त्याला. परळ त्याला परत मिळालं नाही, नवं संशोधन करायला मोकळीकही मिळाली नाही. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये लोझान इथे तो वारला. या माणसावर झालेला अन्याय वाचताना आजही जीव हळहळतो.

दरम्यान प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सुटत होता: हा जंतू माणसापर्यंत येतो कसा? मुंबईच्या चाळीत राहणाऱ्याला एवढं ठाऊक होतं की आधी उंदीर मरतात, मग माणसं. पण वैज्ञानिकांना दुवा सापडत नव्हता. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ याने भारतात फिरून एक बारीक गोष्ट टिपली. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारी माणसं आजारी पडत, पण बराच वेळ पडून राहिलेला उंदीर उचलणाऱ्याला काही होत नसे. का? थंड पडलेल्या उंदराच्या अंगावर पिसू थांबत नाही. ती उबदार रक्ताच्या शोधात निघून जाते. जून १८९८ मध्ये कराचीत त्याने एका उंदरातून दुसऱ्यात पिसवांमार्फत रोग जातो हे दाखवून दिलं. लोकांनी त्याची टर उडवली. मग मुंबईत ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने ते पक्कं केलं. प्लेग झालेल्या घरांत त्यांनी गिनीपिगांचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणी आजारी पडले, दोन फुटांवर टांगलेले सुखरूप राहिले. पिसूची उडी दोन फूट पोहोचत नाही. पुढे १९१४ मध्ये बेकॉट आणि मार्टिन यांनी लंडनमध्ये उरलेलं कोडं सोडवलं. जंतू पिसूच्या पोटात इतके वाढतात की अन्नमार्ग तुंबतो. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात ते जंतू जखमेत ओकते.

यातून एक व्यवहारी नियम निघाला, तो आरोग्य खात्याच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ असायला हवा. उंदीर पडले तर आधी पिसू मारा, मग उंदीर. उलट केलंत तर मेलेल्या उंदरांवरच्या उपाशी पिसवा सरळ माणसांच्या अंथरुणात येतील.

औषधाचा शोधही परळलाच पुढे गेला. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखे हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी आणि भालचंद्र बाबाजी दीक्षित यांनी प्लेगवर सल्फा औषधं तपासली. १९४० मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचं प्राण्यांवरचं काम आलं. पुढच्या वर्षी पी. एम. वागळे यांच्यासोबत माणसांवरच्या उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जो रोग बहुतेकांना नेत असे, तो गोळ्यांनी बरा होऊ लागला. चाळीसच्या दशकाच्या शेवटी स्ट्रेप्टोमायसिन आलं. डीडीटीने पिसवा मारल्या. दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे, म्हणजे एम्सचे, पहिले संचालक झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत भारतात १ कोटीहून अधिक माणसं नेणारा रोग पन्नास वर्षांत जवळपास दिसेनासा झाला.

दिसेनासा झाला, संपला नाही. प्लेगचा जंतू मुळात माळावरच्या, शेताच्या बांधावरच्या रानउंदरांत राहतो. त्यांची पिसवांशी जुनी सोबत आहे आणि त्यातले पुष्कळ उंदीर जंतू अंगात घेऊनही जगतात. घरातला काळा उंदीर मात्र पटापट मरतो. रानउंदीर आणि घरउंदीर यांची गाठ पडली की साखळी गावात शिरते. म्हणूनच काही भागांत, विशेषतः कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडू यांच्या सीमांवर, रानउंदरांची तपासणी चालू ठेवली होती. बाकी देशाने हळूहळू हे काम सोडून दिलं. रुग्णच नाहीत तर पिसवा कशाला मोजायच्या, असा तो विचार. मला तो अक्षम्य वाटतो. रोग नसतानाच्या वर्षांतच त्याची ओळख टिकवावी लागते.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे चारला चार मिनिटं असताना किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. बीड जिल्ह्याला तेवढा फटका बसला नाही, पण हादरे बसले, भिंती तडकल्या आणि माणसांचा घरावरचा विश्वास उडाला. मामल्यातली काही कुटुंबं जुनी घरं सोडून बाहेर राहायला गेली. धान्य मात्र त्या घरांतच राहिलं. निर्मनुष्य घर आणि भरलेली पोती: उंदरांना आणखी काय हवं? पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांची संख्या बेसुमार वाढली. भूकंप, ओस घरं, धान्य आणि रानउंदरांचं बिघडलेलं वेळापत्रक अशी ही संगती अनेक तज्ज्ञांनी लावली आहे आणि मला ती पटते. भूकंपाने प्लेग आणला नाही. बालाघाटाच्या रानात तो जंतू कुठेतरी तग धरून होताच. भूकंपाने त्याला गावात यायला वाट दिली.

मामल्यातले रुग्ण दिसले तेव्हा यंत्रणा हलली. घरोघरी कीटकनाशकाची भुकटी मारली गेली, टेट्रासायक्लिन वाटलं गेलं, रुग्णांचं रक्त बंगळूरच्या प्लेग सर्वेक्षण केंद्राकडे गेलं. त्या केंद्राकडे जी चाचणी होती ती प्लेगच्या जंतूभोवतीच्या आवरणातल्या एका विशिष्ट प्रथिनाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती सापडली. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बीडमध्ये गाठीचा प्लेग असल्याचं सरकारी पातळीवर मान्य झालं. गावाने उंदीर पडल्याची तक्रार केली, त्या तक्रारीमुळेच हे शक्य झालं. माझ्या मते १९९४ च्या सगळ्या गोंधळात सर्वांत शास्त्रशुद्ध निरीक्षण मामल्याच्या लोकांचंच होतं. आधी उंदीर, मग पिसू, मग माणूस, हा क्रम त्यांनी अचूक टिपला होता. परळच्या आयोगाने नव्वद वर्षांपूर्वी लिहिलेला क्रम तोच होता.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार बैलगाड्या जुंपून, ट्रकमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. कोप्यांत दाटीवाटीने राहतात. साथ तोवर पसरली असती तर ती कुठवर गेली असती याची कल्पना करवत नाही. म्हणून मामल्यात मारलेल्या त्या भुकटीचं आणि वाटलेल्या त्या गोळ्यांचं मोल फार मोठं आहे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग असल्याची बातमी फुटली. हा प्रकार खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो, पिसूची गरज उरत नाही. लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यात खानदेशातून पोट भरायला गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं होती. देशभर दुकानांतलं टेट्रासायक्लिन संपलं, परदेशांनी भारतातली विमानं रोखली, निर्यात थांबली. संशयित रुग्णांचा आकडा पाच हजारांच्या वर गेला. मृत्यू पन्नासहून थोडे अधिक, आणि तेही मुख्यतः सुरतेतले. मामल्याहून सुरतेला रोग गेला का, हे सिद्ध झालं नाही.

इथेच वाद पेटला. हा प्लेगच आहे का? शंका घेणारे लोक हलके नव्हते. वेल्लोरचे ख्यातनाम सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ टी. जेकब जॉन यांनी लॅन्सेटमध्ये लिहून या निदानावर प्रश्न उभे केले. त्यांचा मुद्दा वैज्ञानिक होता. प्रतिपिंडांची चाचणी शरीराची साक्ष देते, जंतू हाती देत नाही. रुग्णाच्या थुंकीतून किंवा गाठीतून जंतू वाढवून दाखवला तरच खरी खात्री. हाफकिनने हेच केलं असतं. पण प्लेगचा जंतू हळू वाढतो, त्याला शरीराच्या तापमानाहून थंड, साधारण २८ अंशांचं वातावरण मानवतं, आणि नमुना घेण्याआधीच रुग्णाला टेट्रासायक्लिन दिलेलं असेल तर तो वाढतच नाही. लोकांचा जीव वाचवणारी गोळी पुरावा पुसून टाकत होती. आधी गोळी देणं योग्यच होतं. चूक होती ती नमुना आधी घेण्याची सवय मोडली, त्यात. सवय मोडली कारण २८ वर्षं कुणी सराव ठेवला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेचं पथक आलं, संघटनेचे महासंचालक हिरोशी नाकाजिमा स्वतः भारतात आले. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली. पण वादावर पडदा पडला तो शांतपणे, प्रयोगशाळांत. १९९६ मध्ये एम्सच्या सुब्रत पांडा यांच्या गटाने करंट सायन्समध्ये लेख प्रसिद्ध केला. सुरत आणि बीड इथून मिळालेल्या जंतूंची त्यांनी रेणवीय तपासणी केली होती, आणि तो जंतू येर्सिनिया पेस्टिसच ठरला. दीक्षितांनी उभी केलेली संस्था, आणि सल्फाच्या काळात त्यांनी ज्याच्याशी झुंज दिली तोच जंतू. २००० मध्ये हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रातल्या एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी जंतूंच्या जनुकीय क्रमावरून पुन्हा तोच निष्कर्ष काढला. मामल्यात पिसवांची तक्रार झाली त्यानंतर सहा वर्षांनी.

मग हा जंतू पुन्हा दिसला. फेब्रुवारी २००२ मध्ये शिमला जिल्ह्यात हाटकोटीजवळच्या एका गावात जंगलात शिकारीला गेलेल्या एका माणसाने रानमांजराचं कातडं सोललं, काही दिवसांत त्याला न्यूमोनिया झाला आणि त्याच्या घरातली, नात्यातली माणसं एकेक करून आजारी पडू लागली. या वेळी थुंकी आणि इतर नमुने वेळेवर घेतले गेले, जंतू वाढवला गेला, जनुकीय चाचणी झाली आणि थोड्याच दिवसांत निदान पक्कं झालं. एकूण १६ जणांना प्लेग झाला, चौघं दगावली, आणि साथ त्या कुटुंबांच्या आणि त्यांच्या निकटच्या लोकांच्या बाहेर गेली नाही.